दुप्पट गुणसूत्रांचा खुंट आणि खारे पाणी

या महिन्याच्या टपालात एकाच विषयावरची बरीच पत्रे आली. झाडाच्या पेशीतील गुणसूत्रे दुप्पट केली की ते क्षार सहन करते, असे वाचनात आल्यावर बागायतदार, विद्यार्थी आणि शिक्षकांनी आपापल्या बाजूने प्रश्न विचारले आहेत. विदर्भातल्या संत्र्याशी या विषयाचा थेट संबंध असल्याने उत्तरांत भर लिंबूवर्गीय झाडांवर आहे.

प्रश्न : गुणसूत्रे दुप्पट होतात म्हणजे नेमके काय होते? आणि त्याने मिठाचा त्रास कमी का व्हावा?
*(संत्रा बागायतदार, परतवाडा)*

उत्तर : संत्रा, मोसंबी, जंबेरी, रंगपूर लाईम या सर्वांच्या पेशीत १८ गुणसूत्रे असतात, म्हणजे नऊ-नऊचे दोन संच. पेशी विभागण्यापूर्वी प्रत्येक गुणसूत्राची नक्कल तयार होते. मग सूक्ष्म तंतू त्या नकला दोन टोकांना ओढून नेतात आणि मध्ये भिंत पडते. हे तंतू तयारच झाले नाहीत, तर भिंत पडत नाही आणि ३६ गुणसूत्रे एकाच पेशीत राहतात. त्या पेशीपासून वाढलेले रोप चतुर्गुणित, आणि १८ गुणसूत्रांचे साधे रोप द्विगुणित. त्यात एकही नवे जनुक बाहेरून आलेले नसते. होते तेच दोनाचे चार झालेले असते, हे आधी पक्के लक्षात घ्यावे.

फरक पडतो तो पेशीच्या आकारमानाने. पेशीचे घनफळ दुप्पट झाले तरी तिचा पृष्ठभाग दुप्पट होत नाही, १.५९ पट होतो. म्हणजे आतल्या द्रव्याच्या मानाने पृष्ठभाग सुमारे २१ टक्के कमी पडतो, आणि क्षार पेशीत शिरतात ते पृष्ठभागातूनच. हे झाले कागदावरचे गणित. झाडात याहून मोठा बदल मुळांत दिसतो. चतुर्गुणित लिंबूवर्गीय रोपाची मुळे जाड, आखूड आणि कमी फाट्यांची असतात, आणि त्यांतून पाणी कमी वेगाने वर चढते. फ्लोरिडातील संशोधकांनी २००० साली हे मोजून दाखवले होते. पानांवरची पर्णरंध्रे आकाराने मोठी पण संख्येने कमी असतात, त्यामुळे बाष्पोत्सर्जनही उतरते. संत्र्याच्या पानांची टोके करपतात त्यात मोठा वाटा मिठातल्या क्लोराइडचा असतो. क्लोराइड पाण्याबरोबर वर जाते. पाणी सावकाश चढले की क्लोराइडही सावकाश चढते.

त्रिपर्णी संत्रा, कॅरिझो आणि क्लिओपात्रा मँडरिन या तीन खुंटांची (खुंट म्हणजे कलमाचा खालचा, मुळांचा भाग) द्विगुणित व चतुर्गुणित रोपे शेजारी शेजारी ठेवून केलेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. तिन्हींत चतुर्गुणित रोपे मिठाला जास्त टिकली. २०१३ साली मोहरीच्या कुळातील अ‍ॅराबिडॉप्सिस या छोट्या वनस्पतीवर आणखी नेमके काम झाले. चतुर्गुणित रोपांच्या पानांत पोटॅशियम जास्त आढळले आणि त्यांची क्षारसहनशीलताही जास्त निघाली. मग एकाच्या मुळावर दुसऱ्याचा शेंडा अशी उलटसुलट कलमे बांधून पाहिली, तेव्हा पोटॅशियम वाढण्याचे कारण मुळांत सापडले. शेंडा द्विगुणित असला तरी चालते, मूळ चतुर्गुणित हवे. कलम बांधून बाग लावणाऱ्यासाठी या सगळ्या संशोधनातली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

तेव्हा असे झाड मीठ पचवते, हे म्हणणे बरोबर नाही. ते मीठ आत घ्यायला उशीर लावते. त्याची किंमतही तिथेच मोजावी लागते, कारण पाणी सावकाश चढते तसे झाडही सावकाश वाढते.

प्रश्न : आमचे गाव खारपाणपट्ट्यात आहे. बोअरच्या पाण्याची विद्युतवाहकता ३ आली. चतुर्गुणित खुंटावर संत्रा लावला तर जमेल का?
*(शेतकरी, दर्यापूर)*

उत्तर : नाही. विद्युतवाहकता जितकी जास्त तितके पाण्यात क्षार जास्त. पाणी ३ डेसीसायमन प्रति मीटर असेल तर कोणत्याच खुंटावर संत्रा लावू नका. कारण आकड्यांतच आहे. संत्र्यासाठी मातीच्या संपृक्त अर्काची (माती पाण्याने पूर्ण भिजवून काढलेल्या पाण्याची) वाहकता सुमारे १.७ पर्यंत उत्पन्नाला धक्का लावत नाही. त्यापुढे प्रत्येक एककाला साधारण १६ टक्के उत्पन्न घटते. मातीची वाहकता ३ झाली की २१ टक्के आणि ४ झाली की ३७ टक्के गेले. खजुराची मर्यादा ४ आहे आणि त्यापुढची घट एककाला फक्त ३.६ टक्के. खारे पाणी झेलणारे झाड आणि संत्रा यांत एवढे अंतर आहे, आणि गुणसूत्रे दुप्पट करून ते भरून निघत नाही.

क्षार मुळांखाली धुऊन जायला दिलेल्या पाण्यातला किती भाग निचरून गेला पाहिजे, याचे सूत्र आहे : पाण्याची वाहकता भागिले (पाच गुणिले मातीची चालणारी वाहकता, वजा पाण्याची वाहकता). पाणी १ असेल तर १ भागिले (८.५ वजा १), म्हणजे दिलेल्या पाण्याच्या सुमारे १३ टक्के. एवढे जमते. पाणी ३ असेल तर ३ भागिले ५.५, म्हणजे ५५ टक्के. दिलेल्या पाण्यातले निम्म्याहून अधिक मुळांखाली निचरून गेले पाहिजे. तुमच्या खारपाणपट्ट्यातली, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातली काळी भारी जमीन तेवढे पाणी खाली जाऊच देत नाही. ते साचते, मुळे गुदमरतात आणि पाठोपाठ डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) येतो.

शेततळ्यात पावसाचे पाणी साठवून किंवा दुसरीकडून गोडे पाणी आणून मिश्रणाची वाहकता १ च्या आसपास राखता येत असेल, तरच संत्र्याचा विचार करा. मग खुंट जंबेरीऐवजी रंगपूर लाईमचा घ्या. रंगपूर आणि क्लिओपात्रा हे क्लोराइड मुळाशी अडवणारे खुंट आहेत. कॅरिझो व त्रिपर्णी त्यात कच्चे. डोळा जमिनीपासून वीतभराहून वर, २२ ते २५ सेंटीमीटरवर भरलेली कलमेच घ्या. पालाश देताना म्युरिएट ऑफ पोटॅश टाळून सल्फेट ऑफ पोटॅश वापरा, कारण म्युरिएट म्हणजे पोटॅशियम क्लोराइडच. तुषार सिंचन करू नका. खारे पाणी पानावर पडले की क्लोराइड पानातूनही शिरते आणि मुळांची गाळणी वाया जाते.

आणि कोणी ‘चतुर्गुणित’ म्हणून रोपे विकायला आलेच, तर गुणसूत्रे मोजल्याचा अहवाल मागा. जाड पान दाखवले म्हणजे पुरावा झाला असे नाही.

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी रंगपूर लाईमची चतुर्गुणित रोपे तयार करायची आहेत. कोल्चिसिन किती आणि कसे वापरावे?
*(विद्यार्थिनी, राहुरी)*

उत्तर : कोल्चिसिन म्हणजे वर सांगितलेले सूक्ष्म तंतू तयार होऊ न देणारे रसायन. त्याच्याकडे वळण्यापूर्वी रोपवाटिकेत शोधा. रंगपूरच्या एका बीत अनेक अंकुर असतात आणि त्यांतले बहुतेक मातृवृक्षाच्याच ऊतीपासून आलेले, म्हणजे आईची हुबेहूब प्रत असतात. त्या ऊतीत अधूनमधून पेशीविभाजन फसते आणि निसर्गतःच चतुर्गुणित रोप तयार होते. शेकड्यात मोजकीच निघतात, थंड हवेत फळ धरले तर जास्त. पण ती एकाच दुप्पट पेशीपासून वाढलेली असल्याने मुळापासून शेंड्यापर्यंत एकसारखी असतात. कोल्चिसिनने केलेल्या रोपांत हाच मोठा घोळ असतो, त्याबद्दल पुढे.

पाचशे-हजार रोपे चार-पाच पानांवर आली की त्यांतून जाड, रुंद, गर्द हिरव्या पानांची, ठळक तेलग्रंथींची आणि बुटकी रोपे वेगळी काढा. पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिश लावून सुकल्यावर चिकटपट्टीने सोला आणि ४०० पट वर्धनाखाली प्रत्येक रोपाची किमान ३० पर्णरंध्रे मोजा. सर्व रोपांचे पान एकाच वयाचे आणि शेंड्यापासून एकाच क्रमांकाचे हवे, नाहीतर कोवळ्या आणि जून पानांचीच तुलना होऊन बसते.

संशयित रोपांची खात्री फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे पेशीतील डीएनएचे प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर करा. अर्ध्या चौरस सेंटीमीटरचा पानाचा तुकडा थंड बफरमध्ये नव्या ब्लेडने बारीक कापायचा, गाळायचा, रंगवायचा. आधी ठाऊक असलेल्या द्विगुणित रोपाचे शिखर १०० वर बसवले की चतुर्गुणिताचे २०० वर येते. १०० आणि २०० अशी दोन्ही शिखरे ठळक दिसली तर रोप मिश्र आहे. पण दुसरे शिखर अगदी लहान असेल तर घाई करू नका. विभागण्याच्या तयारीत असलेल्या साध्या पेशीही २०० वर दिसतात.

यंत्र नसेल तर मुळाची टोके मोजा. सकाळी एक सेंटीमीटरची पांढरी टोके काढून ०.००२ मोलर ८-हायड्रॉक्सीक्विनोलिनमध्ये तीन ते चार तास ठेवा. तीन भाग अल्कोहोल व एक भाग ग्लेशियल अ‍ॅसेटिक आम्लात रात्रभर स्थिर करा. १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ६० अंशांवर आठ-दहा मिनिटे मऊ करा, अ‍ॅसिटोकार्माइनने रंगवा आणि काचपट्टीवर दाबा. लिंबूवर्गाची गुणसूत्रे फार लहान असतात. तेलाच्या १०० पट भिंगाशिवाय ती सुटी दिसत नाहीत, आणि एका रोपातल्या निदान दहा पेशींत ३६ चा आकडा आल्याशिवाय नोंद करू नये.

एवढे करूनही रोप मिळालेच नाही, तर कोल्चिसिन. बियांचे बाहेरचे टरफल काढून ओल्या कागदावर २५ ते २८ अंशांवर अंकुरवा. मोड दोन-तीन मिलिमीटर आला की ०.०५, ०.१ आणि ०.२ टक्के अशा तीन द्रावणांत २४ तास अंधारात, हळू हलवत ठेवा. ०.१ टक्के म्हणजे १०० मिलिलिटर पाण्यात १०० मिलिग्रॅम. कोल्चिसिन उजेडात बिघडते, म्हणून बाटलीला फॉइल गुंडाळा. नंतर वाहत्या पाण्याखाली काही तास धुऊन पेरा. साध्या पाण्यातला गट सोबत असलाच पाहिजे. बरीच रोपे मरतील, उरलेल्यांचे मोड फुगलेले दिसतील. फुगणे म्हणजे दुप्पट होणे नव्हे, तो फक्त औषध पोचल्याचा पुरावा.

आता घोळाबद्दल. वाढत्या शेंड्यात पेशींचे तीन थर असतात. पर्णरंध्रे सर्वांत बाहेरच्या थरातून येतात, परागकण मधल्या थरातून, तर खोडाचा गाभा आणि त्यातून फुटणारी मुळे मुख्यतः सर्वांत आतल्या थरातून. कोल्चिसिनने बाहेरचा थरच दुप्पट झाला असेल तर पर्णरंध्रे मोठी दिसतील, तुम्ही रोप चतुर्गुणित म्हणून नोंदवाल, आणि त्याची मुळे मात्र १८ गुणसूत्रांचीच असतील. क्षारसहनशीलता मुळांत तपासायची असताना ही चूक अख्खा प्रकल्प वाया घालवते. त्यामुळे पानाची चाचणी किती का चांगली येवो, मुळाची टोके मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एक चतुर्गुणित मातृवृक्ष हाती लागला की पुढचे काम सोपे. त्याची बहुभ्रूणता, म्हणजे एका बीत अनेक अंकुर येण्याचा गुण, टिकून राहते, म्हणून त्याच्या बियांपासून येणारी बहुतेक रोपे चतुर्गुणितच निघतात. फक्त फळात बिया कमी असतात आणि झाड फळावर उशिरा येते.

प्रश्न : कळलावीच्या कंदात कोल्चिसिन असते. त्याचा रस वापरला तर?
*(वाचक, सावंतवाडी)*

उत्तर : असते, पण कृपा करून वापरू नका. कंदागणिक प्रमाण बदलते, त्यामुळे कोणत्या तीव्रतेचे द्रावण दिले हे कधीच कळणार नाही. आणि कोल्चिसिन माणसालाही अत्यंत विषारी आहे. ते आपल्या पेशींचे विभाजन तसेच थांबवते आणि त्यावर हुकमी उतारा नाही. प्रयोगशाळेतसुद्धा भुकटी तोलताना हातमोजे, मुखपट्टी आणि चष्मा लागतो, आणि उरलेले द्रावण नळात ओतत नाहीत, वेगळ्या डब्यात साठवून विल्हेवाटीला देतात. घरी, मुले आणि गुरे वावरतात तिथे हा प्रयोग नकोच.

प्रश्न : द्विगुणित आणि चतुर्गुणित रोपांची मिठाची चाचणी कशी घ्यावी? आमच्या चाचणीत चतुर्गुणित रोपे ‘उत्तम’ आली, पण परीक्षकांना निष्कर्ष पटला नाही.
*(वनस्पतिशास्त्राचे अध्यापक, नांदेड)*

उत्तर : परीक्षकांची शंका बहुधा रास्त असावी. अशा चाचण्यांत चतुर्गुणित रोप फुकटचे गुण कमावून जाते, ते दोन वाटांनी.

पहिली वाट कुंडीची. द्विगुणित रोप मोठे, ते जास्त पाणी ओढते. कुंडीतले पाणी जाते, मीठ मागे राहते आणि त्याची वाहकता वाढत जाते. बुटक्या चतुर्गुणित रोपाच्या कुंडीत तेच मीठ पातळ राहते. दोघांना सारखेच द्रावण घातले तरी मुळांभोवती दोन वेगळी पाणी असतात. उपाय : कुंडी रोज तोला, आणि दर वेळी इतके द्रावण घाला की २० ते ३० टक्के खालून वाहून जाईल. वाहून आलेल्या पाण्याची वाहकता आठवड्याला मोजून दोन्ही गटांत सारखी असल्याची नोंद ठेवा.

दुसरी वाट टक्केवारीची. चतुर्गुणित रोप मुळातच सावकाश वाढते. मिठाने द्विगुणिताची वाढ ४० वरून २० सेंटीमीटरवर आली आणि चतुर्गुणिताची १८ वरून १४ वर, तर टक्क्यांत चतुर्गुणित जिंकले, पण उंची अजूनही द्विगुणिताचीच जास्त आहे. दोन्ही आकडे द्यावे लागतात. शिवाय पानांतले क्लोराइड व सोडियम मोजल्याशिवाय रोप क्षार अडवते की नुसते हळू वाढते, हे सांगता येत नाही. लिंबूवर्गात सुक्या पानाच्या वजनात क्लोराइड ०.७ टक्क्यांवर आणि सोडियम ०.२५ टक्क्यांवर गेले की ते जादा धरतात.

चाचणीची मांडणी अशी ठेवता येईल. सहा ते आठ महिन्यांची, एकाच मातृवृक्षाची रोपे घ्या, शक्य असेल तर जनुकखुणांनी तपासून परागणातून आलेली, म्हणजे आईची हुबेहूब प्रत नसलेली रोपे वगळा. दोन लिटरच्या कुंडीत धुतलेली वाळू, अर्ध्या तीव्रतेचे होगलँड द्रावण (रोपांना लागणाऱ्या पोषकद्रव्यांचे ठरावीक मिश्रण). मीठ ०, २५, ५० आणि ७५ मिलिमोलर. ५० मिलिमोलर म्हणजे लिटरला २.९२ ग्रॅम, त्याची वाहकता साधारण ५. हे एकदम देऊ नका. दर तीन दिवसांनी २५ ने वाढवा, नाहीतर रोप मिठाने नव्हे, पाणी न ओढता आल्याच्या धक्क्याने कोमेजते. द्रावणात कॅल्शियम असलेच पाहिजे. ते नसेल तर सोडियम मुळांच्या पेशीपटलांनाच इजा करते आणि दोन्ही गट सारखेच मार खातात. आठ आठवडे तरी चालवा.

सगळ्यांत खणखणीत पुरावा कलमांचा. द्विगुणित आणि चतुर्गुणित खुंटांवर एकाच झाडाचे डोळे भरा, म्हणजे शेंडा सारखा राहील आणि उरलेला फरक मुळाचा असेल. याच रीतीने २०१३ साली व्हॅलेन्सिया मोसंबी द्विगुणित व चतुर्गुणित रंगपूरवर बांधून पाण्याचा ताण तपासला गेला. चतुर्गुणित खुंटावरची झाडे जास्त टिकली, आणि त्यांच्या मुळांत अ‍ॅब्सिसिक आम्ल, म्हणजे पानांना रंध्रे मिटायला सांगणारे संप्रेरक, जास्त तयार होत होते.

आणि निकाल उलटा आला तर लपवू नका. लिंबूवर्गातच २०१० साली असे दिसले की भरपूर पाणी आणि तीव्र मीठ एकत्र असता चतुर्गुणित रोपे जास्त संवेदनशील ठरू शकतात.

प्रश्न : लिंबूवर्गाबाहेर कोणत्या झाडांत हे दिसले आहे?
*(वाचक, पुणे)*

उत्तर : सर्वांत जास्त काम चीनमध्ये. कोरियात तयार झालेली चतुर्गुणित रॉबिनिया, म्हणजे पांढऱ्या फुलांचा काटेरी विलायती वृक्ष, १९९० च्या दशकात तिथे नेली गेली. खाऱ्या जमिनीवर चाऱ्यासाठी ती लावता येईल का, हे पाहताना ती मूळ द्विगुणित झाडापेक्षा मिठाला जास्त टिकते असे आढळले. पाउलोनियातही ४० ची ८० गुणसूत्रे करून असेच प्रयोग झाले आहेत.

प्रश्न : खाडीतली कांदळ, तिवर ही झाडे निसर्गतःच दुप्पट गुणसूत्रांची आहेत का? मग हापूसची गुणसूत्रे वाढवून तो खार जमिनीत का लावू नये?
*(आंबा बागायतदार, रत्नागिरी)*

उत्तर : कांदळाच्या वंशात अख्खा गुणसूत्रसंच दुप्पट झाल्याच्या खुणा त्याच्या जनुकसंचात सापडल्या आहेत, पण ती घटना कोट्यवधी वर्षांपूर्वीची. त्यानंतर बरीचशी जादा जनुके गळून गेली आणि उरलेल्यांतली काही नव्या कामाला लागली. कांदळ आज मुळाशीच ९० टक्क्यांहून अधिक मीठ अडवते, तिवर पानांवरच्या ग्रंथींतून मीठ बाहेर टाकते. ही यंत्रणा लाखो पिढ्यांच्या निवडीतून घडली आहे. हापूसची ४० गुणसूत्रे ८० केल्याने त्याला मीठग्रंथी फुटणार नाहीत.

आंब्यात सध्या हाती असलेला मार्ग खुंटाचाच आहे, आणि तोही साध्या द्विगुणित खुंटाचा. इस्रायलमध्ये खाऱ्या पाण्यासाठी व चुनखडीच्या जमिनीसाठी ‘१३-१’ हा बहुभ्रूणी खुंट निवडला गेला आणि तिथे तो सर्रास वापरतात. असा खुंट निवडणे हे गुणसूत्रे दुप्पट करण्यापेक्षा जुने काम आहे आणि आजही जास्त भरवशाचे.

प्रश्न : झाड दुप्पट, तर फळही मोठे?
*(शालेय विद्यार्थी, वर्धा)*

उत्तर : चतुर्गुणित संत्र्याची साल जाड आणि खडबडीत होते, आणि फळे कमी लागतात. म्हणून ते झाड फळासाठी लावत नाहीत. त्याचा संकर साध्या झाडाशी केला की २७ गुणसूत्रांची रोपे मिळतात. त्यांची गुणसूत्रे नीट जोड्या लावू शकत नाहीत, त्यामुळे फळात बी धरत नाही. बिनबियांची काही संत्री अशीच तयार झाली आहेत.

प्रश्न : आमची जमीन चोपण झाली आहे, सामू ८.९. कॅरिझोचा चतुर्गुणित खुंट मिळाला तर मोसंबी येईल का?
*(ऊस बागायतदार, मिरज तालुका)*

उत्तर : क्षारपड आणि चोपण यांत गल्लत होऊ देऊ नका. वर सांगितलेले प्रयोग वाळूत किंवा कुंडीत, साध्या मिठाच्या द्रावणावर झालेले आहेत. चोपण जमिनीत विरघळलेल्या मिठापेक्षा मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम त्रास देतो. कण विस्कटतात, जमीन ओली असताना चिकट आणि सुकल्यावर दगडासारखी होते, मुळांना हवा मिळत नाही. हवाच नसेल तर चतुर्गुणित मूळही तितकेच गुदमरते. त्यात कॅरिझो हा त्रिपर्णीचा संकर. चुनखडीच्या, जास्त सामूच्या जमिनीत त्याला लोह उचलता येत नाही, पाने शिरा सोडून पिवळी पडतात. गुणसूत्रे दुप्पट करून तो दोष जाईल असे धरून चालू नका.

आधी माती परीक्षणात विनिमययोग्य सोडियमची, म्हणजे कणांना चिकटलेल्या सोडियमची, टक्केवारी काढून घ्या. ती १५ च्या वर असेल तर प्रयोगशाळा जिप्समची गरज हेक्टरी टनांत सांगते. त्या आधी निचरा करा, चर किंवा जमिनीखालचे सच्छिद्र पाइप टाकून. जिप्समने सुटा केलेला सोडियम खाली वाहून गेला नाही तर तो तिथेच राहतो आणि खर्च वाया जातो. जिप्सम बारीक दळलेले घ्या, वरच्या वीस सेंटीमीटर थरात मिसळा, पावसाळ्याच्या तोंडावर टाका आणि बांध घालून पाणी मुरू द्या. त्यानंतर ताग किंवा धैंचा घेऊन फुलोऱ्यावर गाडा. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा माती तपासा. सामू ८.५ च्या खाली आणि सोडियम १५ च्या खाली उतरल्याशिवाय मोसंबीचे खड्डे घेऊ नका.